रीत लिहा!

परवाचीच गोष्ट. दिवेलागण झाली होती. मातोश्री देवापुढे निरांजन लावून ओसरीवर येऊन बसल्या होत्या आणि आम्ही शाळेतून आणलेल्या कागदांवर सह्या करीत होतो. इतक्यात आमच्या धाकट्या बंधूंची कन्या, जी यंदा नववीत आहे, गणिताची वही घेऊन समोर उभी राहिली. डोळे पाणावलेले. वही उघडून पाहतो तो गृहपाठाची सहाच्या सहा उदाहरणे बरोबर! खाली मात्र तिच्या शिक्षकांनी तांबड्या शाईने हिंदीत एकच ओळ लिहिली होती : ‘उत्तर सब सही, समझ कहाँ है?’

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. उदाहरणाचे छायाचित्र काढून मोबाइलला दाखवले की तो क्षणार्धात उत्तर देतो, आणि उत्तरच नव्हे, तर सगळ्या पायऱ्याही ओळीने मांडून देतो. मुलीने त्या प्रामाणिकपणे उतरवून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्यांतलेच एक उदाहरण फळ्यावर सोडवावयास सांगितले आणि ती खडू हातात धरून उभीच राहिली.

वाचकहो, मोबाइलची निंदा करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमच्या विद्यार्थिदशेत हेच काम छापील कुंजी करीत असे. आणि कुंजीचे पाप आमच्याही पदरी आहे, ते पुढे सांगूच. परंतु ओळीने लिहिलेल्या पायऱ्या आणि स्वतःच्या पायांनी चढलेल्या पायऱ्या यांत जे अंतर आहे, ते घराघरांतील पालकांपुढे मांडावे असे त्या संध्याकाळी आम्हांस वाटले.

आम्ही तिची वही मिटून ठेवली आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील एक जुने उदाहरण तिला घातले. बत्तीस हात उंचीचा एक बांबू सपाट जमिनीवर उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो बुंध्यापासून किती उंचीवर मोडला?

“काका, हे फोनमध्ये—”

“फोन राहू दे. आधी चित्र काढ.”

तिने एक उभी रेघ काढली, तिच्या टोकापासून जमिनीपर्यंत एक तिरपी रेघ ओढली आणि खाली आडवी रेघ काढून त्रिकोण पुरा केला. “आता पक्ष काय ते सांग,” आम्ही म्हणालो. ती आमच्या तोंडाकडे पाहू लागली. पक्ष म्हणजे तिच्या पुस्तकातले ‘दिया है’, साध्य म्हणजे ‘सिद्ध करना है’, काटकोन त्रिकोण म्हणजे ‘समकोण त्रिभुज’, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. मग तिनेच सांगितले : उभा भाग आणि तिरपा भाग मिळून बत्तीस, पाया सोळा, शोधावयाचा तो उभा भाग.

“उभ्या भागाला क्ष म्हणू. तर तिरपा भाग किती?”

थोडा वेळ गेला. मग हळूच, “बत्तीस वजा क्ष.”

ही पहिली पायरी. ती तिची तिने चढली. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे तिला पाठ होतेच. म्हणून (३२ − क्ष) चा वर्ग = क्ष चा वर्ग + २५६, असे तिने मांडले. ही दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर मात्र ती घसरली. डावी बाजू उलगडताना तिने लिहिले : १०२४ वजा क्ष चा वर्ग.

येथे ‘चुकलीस’ म्हणावयाचा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो, आम्हांसही झाला. तो आवरून आम्ही विचारले, “पाचातून दोन गेले, उरलेल्यांचा वर्ग किती?” “नऊ.” “आणि पाचाच्या वर्गातून दोनाचा वर्ग वजा केला तर?” “पंचवीस वजा चार... एकवीस.” ती थबकली. आपण होऊन खोडरबर उचलला आणि लिहिले : १०२४ − ६४ क्ष + क्ष चा वर्ग. पुढचा मार्ग सोपा होता. दोन्ही बाजूंचा क्ष चा वर्ग गेला; ६४ क्ष = १०२४ − २५६, म्हणजे ७६८; म्हणून क्ष = १२.

एवढ्यात ओसरीवरून मातोश्रींचा आवाज आला, “ताळा केलास का गं?”

मातोश्रींचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. क्ष म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. परंतु लहानपणी रोज परवच्याला पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी म्हटलेली. वडिलांच्या दुकानाचा हिशेब ताळा केल्यावाचून मिटत नसे, हे डोळ्यांनी पाहिलेले. नात कामाला लागली. बारा आणि वीस मिळून बत्तीस. बाराचा वर्ग १४४, सोळाचा २५६, बेरीज ४००. वीसचा वर्गही ४००. “जुळलं!” ती ओरडली. उत्तर बरोबर असल्याचे तिला कोणी सांगितले नाही. ते तिने स्वतः ठरवले. सहा अचूक उदाहरणे उतरवूनही जो आनंद तिला मिळाला नव्हता, तो या एकाने दिला.

आता आमच्या पापाची कथा. आमची पदवी मराठी साहित्याची, नोकरी मात्र हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळांतली. उमेदवारीच्या काळात जिल्ह्यातील एका खेड्यात आमची नेमणूक झाली. तेथे गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि नववीचे बीजगणित आमच्या गळ्यात पडले. आम्ही बाजारातून कुंजी आणली आणि तीवरून फळ्यावर उदाहरणे उतरवू लागलो. एके दिवशी उदाहरण होते : ५ क्ष − (२ क्ष − ९) = २४. कुंजीत पुढची ओळ छापली होती : ५ क्ष − २ क्ष − ९ = २४; म्हणून ३ क्ष = ३३ आणि क्ष = ११. तेच आम्ही फळ्यावर लिहिले.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. शेतमजुराचा मुलगा, पायात वहाणा नाहीत. म्हणाला, “सर, माइनस के आगे का ब्रैकेट खुला तो नौ प्लस होगा न?” आम्ही फळ्याकडे पाहिले, कुंजीकडे पाहिले. कुंजी छापील होती, आणि छापील अक्षरावर आमचा विश्वास होता. आम्ही दरडावले, “जितना लिखा है उतना उतारो.” तो खाली बसला.

रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही ते उदाहरण पुन्हा मांडले. क्ष च्या जागी ११ घातले : ५५ वजा १३, म्हणजे ४२. चोवीस काही येईनात. मग मुलाच्या म्हणण्याप्रमाणे केले : ३ क्ष = १५, क्ष = ५. ताळा : २५ वजा १, म्हणजे २४. मुलगा बरोबर होता. कुंजी चुकली होती आणि तिच्याबरोबर आम्हीही.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चूक कबूल करावी एवढे धैर्य आमच्या अंगी नव्हते. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मन घट्ट करून फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा लिहिले, सोडवले, ताळा केला आणि सर्वांदेखत सांगितले की, हा विद्यार्थी खरा होता. तो हसला, परंतु त्या वर्षात त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही. पुढच्या साली तो शाळेत आलाही नाही; बापाबरोबर मजुरीला गेला असे कळले. आमच्या त्या दरडावण्यामुळे तो गेला असे आम्ही म्हणत नाही. दारिद्र्याची कारणे मोठी असतात. परंतु शाळेत टिकून राहण्याचे एक कारण आम्ही त्याच्यापासून हिरावून घेतले, ही टोचणी आज इतक्या वर्षांनीही जात नाही. तेव्हापासून ताळा केल्यावाचून एकही उत्तर आम्ही फळ्यावर लिहिलेले नाही, आणि ‘का?’ विचारणाऱ्या मुलाला कधी खाली बसवलेले नाही.

बांबूच्या उदाहरणानंतरच्या रविवारी मुलीला घेऊन आम्ही जयसिंहपुऱ्यातील वेधशाळेत गेलो. उज्जैनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना महाकाळाच्या दर्शनाला पाहुणे नेण्याची सवय आहे. वेधशाळेकडे मात्र पावले क्वचितच वळतात. वास्तविक प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा याच अवंतीवरून जाई. वराहमिहिरांचे नाव याच भूमीशी जोडलेले आहे. माळव्याचे सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वेधशाळा बांधविली. पुढे ती मोडकळीस आली असता १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील दगडी यंत्रे म्हणजे उघड्यावर मांडलेली भूमितीच होय. सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी जो कोन करते तो उज्जैनीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला आहे. तो कोन मुलीने डोळ्यांनी पाहिला तेव्हा पुस्तकातला कोन तिच्यासाठी प्रथमच जमिनीवर उतरला.

शंकुयंत्रापाशी आम्ही तिला आणखी एक गंमत सांगितली. आपल्या ज्योतिषात शंकू बारा अंगुळांचा धरतात. सूर्य विषुववृत्तावर असतो त्या दिवशी भर मध्यान्ही त्याची जी छाया पडते तिला पलभा म्हणतात. उज्जैनीची पलभा पाच अंगुळांहून किंचित अधिक भरते. आता शंकू बारा, छाया पाच, तर शंकूच्या टोकापासून छायेच्या टोकापर्यंतचा कर्ण किती? बाराचा वर्ग १४४, पाचाचा २५, बेरीज १६९. म्हणजे कर्ण तेरा. पाच-बारा-तेराचा हा त्रिकोण जगभरच्या शाळांतून शिकवतात. तो जवळजवळ आपल्याच गावच्या सावलीत सापडतो. जवळजवळ एवढ्यासाठी म्हटले की, पाच-बाराच्या हिशेबाने कोन २२ अंश ३७ कलांचा येतो, म्हणजे सुमारे अर्ध्या अंशाचा फरक पडतो. तो फरक का पडतो हे विचारण्याची पायरी तिने आपण होऊन गाठली. पलभेतला ‘किंचित अधिक’ भाग आपण सोडून दिला म्हणून, हे उत्तरही तिनेच शोधले.

जयसिंहांच्याच पदरी सम्राट जगन्नाथ हे पंडित होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. युक्लिडचा ग्रीक ग्रंथ अरबीत गेला होता. नसीरुद्दीन तूसी यांच्या अरबी संस्करणावरून जगन्नाथांनी तो ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. त्याचे पंधरा अध्याय आहेत आणि ४७८ प्रमेये. प्रमेयाला त्यांनी ‘शकल’ हा अरबी शब्दच ठेवला. ग्रीक, अरबी, संस्कृत असा भाषांचा केवढा प्रवास! परंतु भाषा बदलली तरी एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचे कारण बदलले नाही. म्हणून तर तो प्रवास होऊ शकला.

याच माळव्यात दुसरीही एक गोष्ट घडली, ती आपल्या वाचकांस विशेष अभिमानाची वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सीहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचे इंग्रज अधिकारी भोपाळचे पोलिटिकल एजंट होते. तेथील पाठशाळेत भास्कराचार्यांचे सिद्धांत शिकवावेत आणि त्यांच्याच पायरीवरून विद्यार्थ्यांना नव्या पाश्चात्त्य ज्योतिषाकडे न्यावे, असा त्यांचा विचार होता. त्यांचे साहाय्यक सुबाजी बापू यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो १८३६ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी नागपुरास लीलावती आणि बीजगणित शिकत असलेल्या बापूदेव शास्त्री या तरुणाची बुद्धी पाहून विल्किन्सन यांनी त्यास सीहोरला आणले. तोच तरुण १८४२ साली काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाला आणि पुढे त्याचे नाव सर्वत्र गाजले. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे विल्किन्सनकृत इंग्रजी भाषांतर बापूदेवांनीच तपासून १८६१ साली प्रसिद्ध केले. महाराष्ट्राबाहेर, परभाषिकांच्या मुलखात, आपल्या माणसांनी गणित असे नवे-जुने जोडून, दोन-तीन भाषांतून शिकवले.

या इतिहासाकडे पाहिले म्हणजे आपल्या घरांतील आजची स्थिती मनाला लागते. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या कुटुंबांत मराठी स्वयंपाकघरात टिकली आहे, देवघरात टिकली आहे, गणेशोत्सवात तर गाजते आहे. परंतु मुलाच्या अभ्यासाच्या मेजापाशी ती मुकी होते. मूल ‘वृत्त’ म्हणते, आपण वर्तुळ शिकलेलो. ते ‘भिन्न’ म्हणते, आपण अपूर्णांक. आपला लसावि त्याच्या कानांवर कधी पडलेला नाही. मग बाप म्हणतो, “हे आमच्या वेळचं नाही,” आणि शिकवणीची फी भरून मोकळा होतो. आई म्हणते, “मला गणित कुठलं येतंय?” अशा रीतीने घर त्या प्रांतातून अंग काढून घेते आणि मूल मोबाइलजवळ एकटे उरते.

आमचे नम्र सांगणे असे की, गृहपाठाला बसवण्यासाठी पालकांना गणित यावेच लागते असे नाही. काही थोड्या गोष्टी पाळल्या तरी पुरे.

उदाहरण आधी मोठ्याने वाचावयास लावावे आणि मग पुस्तक मिटून ते घरच्या भाषेत सांगावयास लावावे. ज्याला उदाहरण सांगता येत नाही त्याला ते अजून कळलेले नाही. आणि उदाहरण न कळताच सोडवू पाहणे हेच आमच्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ आहे. भूमितीचे असेल तर चित्र आणि बीजगणिताचे असेल तर ‘क्ष म्हणजे काय’ याचे एक पूर्ण वाक्य लिहिल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये. क्ष किती, हा प्रश्न मागाहूनचा; क्ष म्हणजे बांबूचा उभा भाग, की तिरपा, हे प्रथम ठरावे.

दर ओळीला एकच बदल असावा आणि त्या बदलाचे कारण तोंडाने सांगता यावे. ‘का?’ एवढा एकच शब्द आईला पुरे आहे. मुलाने दिलेले कारण तिला समजले नाही तरी चालेल. ते सांगताना मूल कोठे अडखळते हे कोणत्याही आईच्या लक्षात येतेच. चूक सापडली तर ती खोडण्यापूर्वी लहान आकडे घालून पाहण्यास सांगावे, म्हणजे चूक मूल स्वतःच पकडते. आणि शेवटी ताळा. ताळ्यावाचून उत्तर म्हणजे पोच न घेता पाठवलेली मनिऑर्डर.

मोबाइलचे काय? तो घरातून हद्दपार होणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याला ताळ्यापुरता वापरावा. आधी आपली रीत पुरी लिहावी, मग त्याची पाहावी. दोन्हींत फरक दिसला तर कोणाचे बरोबर याचा निवाडा मुलाने करावा. त्याच्या उत्तराला मान तुकवण्याची सवय लागली, तर कुंजीपुढे मान तुकवणाऱ्या एका तरुण मास्तराचे जे झाले तेच होईल.

एक शंका कोणी काढील की, घरी मराठीतून कारण सांगितले आणि शाळेत हिंदीतून किंवा इंग्रजीतून लिहावयाचे, तर मुलाचा गोंधळ नाही का उडणार? आमचा अनुभव उलट आहे. एकच गोष्ट दोन भाषांत सांगता येऊ लागली म्हणजे शब्द गळून पडतो आणि अर्थ हाती राहतो. ‘काटकोन’ आणि ‘समकोण’ हे दोन्ही शब्द जिला ठाऊक आहेत, तिला नव्वद अंशांचा तो कोन खऱ्या अर्थाने ठाऊक असतो.

वेधशाळेतून परतताना क्षिप्रेच्या घाटावर आम्ही थोडा वेळ बसलो. तेथे मुलीला लीलावतीतलेच दुसरे उदाहरण घातले. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येताना मोराने पाहिला आणि तिरपी झेप घेतली. दोघांचा वेग सारखाच. तर बिळापासून किती हातांवर मोराने सापाला गाठले?

तिने हातातल्या काडीने घाटावरच्या वाळूत रेघा ओढल्या. बराच वेळ ती गप्प होती. आम्हांस सुचवावेसे वाटत होते. जिभेला आवर घातला. मग ती एकदम म्हणाली, “काका, हा तर तोच बांबू आहे! फक्त आडवा पडलाय. तिथे उभा आणि तिरपा मिळून बत्तीस होते, इथे आडवा आणि तिरपा मिळून सत्तावीस.”

आम्ही काही बोललो नाही. तिने पुढे मांडले : आडव्या भागाला क्ष म्हटले तर तिरपा भाग सत्तावीस वजा क्ष; ७२९ − ५४ क्ष = ८१; म्हणून ५४ क्ष = ६४८ आणि क्ष = १२. मग न सांगता तिने ताळा केला : नवाचा वर्ग ८१, बाराचा १४४, बेरीज २२५, पंधराचा वर्ग. बारा आणि पंधरा मिळून सत्तावीस.

त्या आठवड्यात ती शाळेत फळ्याशी गेली की नाही, हे आम्ही विचारले नाही. तिने वही मात्र आपण होऊन आणून दाखवली. सहा उदाहरणांपैकी दोन चुकली होती. चुकलेल्या दोहोंच्या खाली तिनेच पेन्सिलीने लिहिले होते : ‘ताळा जुळत नाही. तिसरी पायरी पुन्हा पाहणे.’

मातोश्रींनी ती वही हातात घेतली, वाचता न येणाऱ्या त्या आकड्यांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता बरोबर होतंय.”